सायकल रोज चालवूनही वजन उतरत नाही, तेव्हा कुठे बघायचं?

२०२१ चा पावसाळा संपल्यावर मी सायकल घेतली. पहाटे साडेपाचला नाशिकच्या कॉलेज रोडवरून निघायचं, गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जायचं आणि पावणेसातपर्यंत घरी. आठवड्यातले पाच दिवस, रोज वीसेक किलोमीटर. चार महिन्यांत एकही आठवडा बुडवला नाही. सुरुवातीला काट्यावर ७६ किलो होते. चार महिन्यांनी ७५.६.

त्या काळात बाकी सगळं सुधारलं होतं. जिना चढताना दम लागत नव्हता, रात्री पाठ टेकली की झोप लागायची. पण मी सायकल घेतली होती वजनासाठी, आणि काटा जागचा हलत नव्हता. आमच्या ग्रुपमधल्या दोघी-तिघींचं हेच झालं आणि त्यांनी सायकल विकून टाकली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यांची सायकल चुकत नव्हती, हिशोब चुकत होता. तो हिशोब नव्याने सायकल घेणाऱ्यांना आधीच कळावा म्हणून हे लिहिते आहे.

नाशकात सायकलचं वेड जुनं आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून पहाटेच्या रस्त्यांवर हेल्मेटं वाढलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यासारखं अंतर आपण कापत नाही. आपला प्रश्न वीस-पंचवीस किलोमीटरचा आहे, आणि त्याचीच गणितं खाली आहेत.

पायरी १ : सायकलवर बसण्याआधी मापं घ्या

वजनकाट्यासोबत शिवणकामाची टेप घ्या. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता लावा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पाश्चात्त्यांपेक्षा अलीकडे आहे : कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० सेंटिमीटर. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात, २५ पासून लठ्ठपणा. हातपाय बारीक आणि पोट तेवढं सुटलेलं, ही ठेवण आपल्याकडे फार दिसते. अशा माणसाला काट्यापेक्षा टेप खरं सांगते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन थोडं वाढलं तर घाबरू नका. व्यायाम सुरू झाला की स्नायू साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजन, जास्त करून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी अडकतं. सवय नसलेले स्नायू दुखावतात, तिथेही पाणी धरलं जातं. किलोभर वजन असं नुसत्या पाण्याने वर जाऊ शकतं. बायकांना पाळीच्या आधीचे दिवस त्यात मिळवावे लागतात. म्हणून रोजच्या आकड्यावर जाऊ नका. आठवड्यातून तीन दिवस वजन करा, सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.

पायरी २ : एका फेरीत खरंच किती जळतं ते काढा

पंचाहत्तर किलोचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरने गेला तर तासाला अंदाजे ५०० कॅलरी लागतात. पण तो तास खुर्चीत बसून काढला असता तरी शरीराने ७५ च्या आसपास खर्च केल्याच असत्या. सायकलमुळे झालेला जादा खर्च सव्वाचारशे, म्हणजे किलोमीटरला चोवीस-पंचवीस. घड्याळं आणि ॲप बरेचदा मोठा आकडा दाखवतात. काही तर वाटेत चहाला थांबलेला वेळही धरतात.

इथे सायकलचा एक स्वभाव लक्षात घ्या. कमी शक्तीत जास्त अंतर जाता यावं म्हणूनच ही वस्तू माणसाने बनवली. एक किलोमीटर चालायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या निम्म्याच्या आसपास ऊर्जेत सायकल तेवढं अंतर नेते. उतारावर तर पायांना कामच नसतं. त्र्यंबकेश्वरला जाताना चढ लागतो आणि येताना सायकल आपोआप पळते, तेव्हा जाऊन-येऊन साठ किलोमीटर म्हणजे साठ किलोमीटरची मेहनत नव्हे. अंतर लिहून ठेवायला छान वाटतं. शरीराला मात्र पॅडलवर जोर किती मिनिटं दिला एवढंच कळतं.

आता माझा हिशोब. आठवड्याला शंभर किलोमीटर म्हणजे अंदाजे २,४०० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. सतरा आठवड्यांत कागदावर माझे पाच किलोच्या वर जायला हवे होते. गेले चारशे ग्रॅम. बाकीचे कुठे गेले ते शोधायला मला बराच वेळ लागला.

पायरी ३ : रविवारची मिसळ मोजा

नाशिककरांना हे वाचायला आवडणार नाही. मलाही लिहायला आवडत नाही, कारण मिसळ मला मनापासून प्रिय आहे. पण आपल्याकडे रविवारची राइड आणि मिसळ या दोन गोष्टी एकच होऊन बसल्यात. राइड ठरते तीच मुळी ‘कुठली मिसळ?’ या प्रश्नाने.

घरच्या काट्यावर मी एकदा सगळं मोजून पाहिलं. तीन पाव : ३०० कॅलरी. फरसाण ४० ग्रॅम : २०० च्या थोडं वर. मटकीची उसळ : १२० च्या आसपास. वर तरंगणारी तर्री म्हणजे बरंचसं तेल, ते २० ग्रॅम धरलं तरी १८०. झाल्या आठशे. रस्सा दुसऱ्यांदा घेतला, पापड मोडला, शेवटी एक जिलेबी आणि चहा, की हजाराला टेकलं. त्याआधी चालवलेले पंचवीस किलोमीटर सहाशेचे. रविवारी मी सायकल चालवून घरी येत होते ती चारशे कॅलरी वर घेऊन.

आणि त्या दिवशी ते तिथेच संपत नसे. ‘आज पंचवीस किलोमीटर झालेत’ म्हणून दुपारी श्रीखंडाची वाटी पुन्हा भरली जायची. या मनाच्या सवलतीवर सगळ्यात जास्त नजर ठेवा. शरीराला लागलेली भूक वेगळी आणि केलेल्या कष्टाचं बक्षीस वेगळं. भूक पोळी-भाजीने भागते. बक्षिसाला मात्र नेहमी तळलेलं किंवा गोडच लागतं.

मिसळ सोडू नका. मी महिन्यातून दोनदा खाते. तर्री वेगळी मागते आणि दोन चमचे घेते, फरसाण अर्धं, पाव दोन, मटकी जास्त घालायला सांगते. बाकीच्या दोन रविवारी आमच्यातल्या काही जणी घरून डबा आणतात आणि आम्ही धरणाकाठी बसून खातो.

रोजच्या फेरीसाठी एवढं पाळा. तासाभराच्या आत परतणार असाल तर पाणी पुरतं. रात्री नीट जेवलेल्या निरोगी माणसाला पहाटेच्या तासाभरासाठी काही खावं लागत नाही, फार तर अर्धं केळं. दुकानातल्या रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती दीड-दोन तासांहून लांब राइडसाठी ठीक, वीस किलोमीटरसाठी नाही. उन्हात घाम फार गेला तर लिंबू-मिठाचं पाणी घ्या. परतल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता करा, पण तो आधी ठरवून ठेवा. दमून आल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून ठरवायला गेलं की हात शेवेच्या डब्याकडे जातो. माझं ठरलेलं आहे : मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, नाहीतर दोन उकडलेली अंडी आणि ज्वारीची एक भाकरी.

उपवासाचंही सांगते. चतुर्थीला किंवा एकादशीला राइड करून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर एका प्लेटमध्ये ४०० ते ५०० कॅलरी सहज असतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. भगर, दाण्याची पातळ आमटी आणि ताक जास्त वेळ टिकतं.

पायरी ४ : उरलेले तेवीस तास

हा भाग माझ्या ध्यानात सगळ्यात उशिरा आला. सायकल सुरू झाल्यावर मी दुपारी आडवी पडायला लागले होते. कोपऱ्यावरच्या दुकानात आधी चालत जायची, ती स्कूटर काढायला लागले. ऑफिसात जिना सोडून लिफ्ट. आळस म्हणून नव्हे, ‘सकाळी व्यायाम झालाय’ म्हणून. सकाळी जमा केलेलं दिवसभरात थेंबाथेंबाने गळत होतं.

यावर शास्त्रज्ञांनी काम केलं आहे. हर्मन पॉन्टझर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दिवसभर पायी फिरतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शरीराच्या आकारातला फरक हिशोबात घेतला तर त्यांचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या बैठ्या माणसांइतकाच भरतो. एकीकडे हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे कात्री लावतं, असा त्याचा अर्थ पॉन्टझर लावतात. ही कात्री नेमकी किती मोठी, यावर अजून वाद आहे. पण ‘जेवढी सायकल तेवढी घट’ असं सरळ गणित चालत नाही, हे त्यातून नक्की दिसतं.

दुसरा एक अभ्यास मला फार धीर देऊन गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३५ स्थूल लोकांकडून बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. सरासरी घट ३.७ किलो. पण एकाचे १४.७ किलो गेले, आणि एकाचं वजन १.७ किलोने वाढलं! तेव्हा शेजारच्या काकांचे तीन महिन्यांत आठ किलो गेले म्हणून तुमचे गेलेच पाहिजेत असं नाही, आणि गेले नाहीत म्हणून तुम्ही चोरी करताय असंही नाही.

करायचं एवढंच : राइड केलेल्या दिवशी पावलं कमी होऊ देऊ नका. फोनमध्ये पावलं मोजली जातात. सायकल सुरू करण्याआधीच्या आठवड्याची सरासरी लिहून ठेवा आणि नंतर ती तशीच राहते आहे ना, ते बघा. जेवणानंतर दहा मिनिटं गच्चीवर शतपावली केलीत तरी फरक पडतो.

पायरी ५ : तेलाची बरणी आणि चहाचा कप

डाएटच्या नावाखाली घरात वेगळा स्वयंपाक मांडू नका, तो महिन्याभरात बंद पडतो. घरात तेल किती लागतं ते आधी बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचं ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेच तीन लिटरवर आणलं तर माणशी रोजच्या १३५ कॅलरी वाचतात. सायकलच्या भाषेत ते रोजचे साडेपाच किलोमीटर झाले, तेही घरातल्या चौघांचे. आम्ही एक केलं : महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवलं आणि फोडणी कढईत थेट न ओतता चमच्याने घालायला लागलो. पहिला महिना सासूबाईंना भाजी कोरडी लागली. दुसऱ्या महिन्यात कुणी बोललं नाही.

चहाचा कप मोठा, दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध असेल तर ऐंशीच्या आसपास कॅलरी. दिवसाला चार कप धरले की तुमची पहाटेची तेरा किलोमीटर चहातच गेली. मी कप दोनवर आणले आणि साखर अर्धा चमचा. साखर एकदम बंद करून तीन दिवसांत हार मानण्यापेक्षा हे सोपं गेलं.

ताटात प्रथिनं वाढवा. आपल्या ताटात पोळी आणि भात भरपूर, पण वरण इतकं पातळ की डाळ शोधावी लागते. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम तर हवंच, आणि वजन कमी करत असताना साधारण १.२ ग्रॅमपर्यंत गेलं तर बरं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. घट्ट वरण, उसळी, दही, ताक, अंडी, मासे यांत बहुतेकांचं भागतं.

सगळं मिळून दिवसाला तीनशे-चारशे कॅलरी कमी झाल्या की पुरे. त्याहून जास्त कात्री लावली तर पहाटे उठवणार नाही.

पायरी ६ : सायकल कशी वाढवायची

पहिले दोन आठवडे चार दिवस, रोज अर्धा तास. फक्त बसायची सवय होऊ द्या. सीटची उंची दुकानदाराकडून नीट करून घ्या : पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली राहिली तर महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पंचेचाळीस मिनिटं, पाच दिवस. शेजारच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग ठेवा. सातव्या आठवड्यापासून चार दिवस तासभर, आणि त्यातला एक दिवस जोराचा. एखादा लांबट चढ किंवा मोकळा रस्ता निवडा. दोन मिनिटं बोलता येणार नाही इतक्या जोराने, मग तीन मिनिटं हळू. असे पाच-सहा फेरे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच व्यायाम करत असाल, तर हा दिवस डॉक्टरांना विचारून मगच सुरू करा. मिनिटांचं लक्ष्य हवं असेल तर हे घ्या : आठवड्याला १५० मिनिटं तब्येतीसाठी चांगली, पण नुसत्या व्यायामाने वजनात दिसण्याजोगा फरक पडायला बहुधा २५० च्या पुढे जावं लागतं.

आणि आठवड्यातले दोन दिवस सायकलला हात लावू नका. त्या दिवशी उठाबशा, जोर (आधी भिंतीला टेकून, मग जमिनीवर), सूर्यनमस्कार. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे हाडांना लागणारा ताण मिळत नाही आणि वरच्या शरीराला फारसं काम नसतं. पाळी जायच्या वयातल्या मैत्रिणींना मी हे हात जोडून सांगते : नुसत्या सायकलवर विसंबून हाडांकडे दुर्लक्ष करू नका.

झोपेचं थोडक्यात. रात्री बाराला झोपून पहाटे पाचला उठत असाल तर राइड अर्ध्या तासाने कमी करा पण झोप सात तासांच्या आसपास न्या. अपुऱ्या झोपेनंतर दिवसभर भूक जास्त लागते, आणि ती गोडाची लागते.

पायरी ७ : कधी डॉक्टरांकडे जायचं

तेल, चहा, मिसळ सगळं खरोखर आटोक्यात आणूनही तीन महिन्यांत वजन आणि कंबर दोन्ही हलत नसतील तर थायरॉइड तपासून घ्या. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) असेल, स्टेरॉइड चालू असतील, किंवा मनाच्या आजारावरची काही औषधं चालू असतील तर वजन अडून बसू शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेत असाल तर राइडच्या आधी काय खायचं हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या आणि खिशात ग्लुकोज ठेवा. चालवताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर तिथेच थांबा, घरी पोचण्याची वाट बघू नका.

बाराव्या आठवड्यात वही उघडा

कंबर कमी झाली आणि वजन तेवढंच राहिलं, तर चरबी जाते आहे आणि स्नायू भरत आहेत. काही बदलू नका. दोन्ही उतरले तर आनंदच आहे. दोन्ही जागच्या जागी असतील तर किलोमीटर वाढवण्याआधी तीन दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा. एक दिवस सुट्टीचा घ्या. मुलांच्या ताटात उरलेला घास, चहाबरोबरचं खारीचं पान, चव बघायला घेतलेला चमचा, सगळं. मी लिहिलं तेव्हा पहिल्याच दिवशी दोन पानं भरली होती.

सायकल मात्र तोवर थांबवू नका. कोपनहेगनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त आढळला होता. साखर, रक्तदाब, पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी यांवर काटा हलायच्या आधीच परिणाम सुरू होतो.

माझं दुसऱ्या वर्षीचं पान असं आहे : वजन ६९.५, कंबर ९१ वरून ८२. रस्ता तोच, सोमेश्वरच्या पुढचा. तेल महिन्याला तीन लिटर.